‘बेघर’ हा शब्द कोणाचा?

आवाज नीट येतोय ना? ठीक.

आजचा विषय मी स्वतःहून घेतला. संयोजकांना माझ्याकडून शंकराचार्य किंवा कांट हवे होते. ते पुढच्या महिन्यात. आज मला एका निकालपत्राबद्दल बोलायचं आहे आणि एका शब्दाबद्दल. शब्द आहे ‘बेघर’.

हा शब्द कोण वापरतं? सरकारी कागद वापरतात, वर्तमानपत्रं वापरतात, आपण वापरतो. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या तोंडून तो मी क्वचितच ऐकलाय. तो म्हणतो, ‘पुलाखाली असतो’, ‘स्टेशनला पडतो’, ‘हितंच राहतो’. म्हणजे तो आपली जागा सांगतो, आणि आपण त्याच्याकडे काय नाही ते सांगतो. तर्कशास्त्रात अभावाचं ज्ञान कसं होतं यावर न्याय आणि मीमांसा यांचं मोठं भांडण आहे. भूतलावर घट नाही हे मला कशानं कळतं? घट तिथे असायला हवा होता असं मी धरून चाललो, म्हणून. ‘बेघर’ म्हणताना आपण असंच काहीतरी धरून चालतो. आपलं घर, आपल्यासारखं घर, तिथे असायला हवं होतं.

मराठीकडे याहून चांगला शब्द आहे, ‘बिऱ्हाड’. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणतो. भिंत नाही, छप्पर नाही, पण बिऱ्हाड आहे. चूल, भांडी, वळकटी, माणसं आणि त्यांची आपसातली व्यवस्था मिळून बिऱ्हाड होतं. घर नसताना बिऱ्हाड असू शकतं ही गोष्ट भाषेला माहीत आहे. धोरणाला ती अजून कळलेली नाही.

एक जाता जाता सांगतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये ‘अनिकेत’ हा शब्द येतो. ज्याला घर नाही, घराची आसक्ती नाही, तो. माझ्या शेवटच्या दहा वर्षांत प्रत्येक वर्गात एक तरी अनिकेत असायचा, आणि त्याच्या वडिलांनी नुकतंच फ्लॅटचं कर्ज काढलेलं असायचं. घर असलेल्यांनाच हे नाव परवडतं. आपल्या परंपरेत घर सोडणाऱ्याचा फार गौरव झाला, आणि ज्याचं घर सुटलं त्याला मात्र दारातून हाकललं. हे दोन वेगळे प्रसंग आहेत. आपण अध्यात्माच्या भाषेत त्यांची गल्लत करतो.

आता मी हा विषय का घेतला ते सांगतो. यात माझं काही कौतुक नाही.

1990च्या दशकाच्या शेवटी आम्ही मुंबईच्या एका उपनगरात राहत होतो. सोसायटीच्या भिंतीला लागून फुटपाथवर एक बाई राहायची, गजरे करून विकायची. सोलापूरकडची होती. बरोबर एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची. निळी ताडपत्री, स्टोव्ह, पाण्याचे दोन डबे आणि एक पत्र्याची पेटी. रोज पहाटे ती आपल्या जागेपुढचा रस्ता झाडायची, तो आमच्या झाडूवाल्यापेक्षा चांगला. सोसायटीने एक अर्ज तयार केला. अस्वच्छता, असुरक्षितता, मुलांवर होणारे परिणाम, असं सगळं त्यात होतं. त्याखाली मी सही केली. अकरावी सही माझी. वाचून केली, न वाचता नाही. अर्जाचं इंग्रजीही थोडं सुधारून दिलं.

दहा-बारा दिवसांनी गाडी आली आणि सामान घेऊन गेली. संध्याकाळी मी कॉलेजातून परतलो तर ती तिथेच, भिंतीला टेकून बसलेली. मी विचारलं, “बाई, आता कुठे जाणार?” ती म्हणाली, “जायचं कुठं सर? हितंच हाय की मी. पेटी न्हेली त्यांनी. पेटीत पोरीचा दाखला हुता.”

मी तिला छपराबद्दल विचारत होतो आणि ती मला दाखल्याबद्दल सांगत होती. नवा दाखला काढायचा तर गावच्या शाळेत जायला हवं. जाऊन-येऊन तीन दिवस, तीन दिवसांची कमाई बुडणार, आणि वर एस.टी.चं भाडं. भाडं मी पुढे केलं. तिने घेतलं. सहीचं मात्र मी तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा जाहीर बोलतोय.

त्यानंतर मी तो प्रसिद्ध निकाल पुन्हा वाचायला घेतला. ऑल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका, 10 जुलै 1985. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो तोंडपाठ असतो. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की फुटपाथवर राहणाऱ्यांना मुंबईतून काढून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. ऐन पावसाळ्यात. त्याविरुद्ध पत्रकार, संघटना आणि स्वतः फुटपाथवर राहणारी माणसं कोर्टात गेली. पाच न्यायमूर्तींचं पीठ, निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केलं. हे मोठंच काम आहे आणि त्याबद्दल मला काही कमी लेखायचं नाही.

पण मी तो साहित्य वाचावं तसा वाचला. तुम्हीही वाचा. पहिलाच परिच्छेद घाणीच्या वर्णनाचा आहे. पिसाळलेली कुत्री, उंदरांच्या मागे असलेली मांजरं, जिथे शौच तिथेच स्वयंपाक आणि झोप, वयात आलेल्या मुलींची उघड्यावरची अंघोळ. लेखणी समर्थ आहे, सहानुभूतीही खरी आहे. पण हे चित्र कुठून काढलंय? रस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेतून. मोटारीच्या काचेतून, असं मी म्हणणार होतो, पण तो आगाऊपणा होईल. जाणाऱ्याला वास येतो, कुत्री दिसतात. राहणाऱ्याला काय दिसतं, हे त्या परिच्छेदात नाही.

आणि गंमत अशी की त्याच निकालपत्रात थोडं पुढे ते आहे. अर्जदारांची हकीकत सांगताना न्यायमूर्तींची भाषा एकदम उतरते, कोरडी होते, आणि मला तोच भाग निकालातला सगळ्यात उत्तम वाटतो. एक अर्जदार आपल्या संगमनेरचा. गावात चांभारकाम करायचा, दिवसाला सात-आठ रुपये मिळायचे. गावचं घर, म्हणजे ज्याला घर म्हणायचं ते, पडलं. 1969 साली तो मुंबईला आला. बदली कामगार म्हणून महिना 350 रुपयांची नोकरी लागली. तुळशीवाडीच्या फुटपाथवरची जागा मिळवायला एका गुंडाला 300 रुपये द्यावे लागले. बांबू आणि प्लॅस्टिकला 700.

हे आकडे पाहा. जागेचे 300 आणि बांधकामाचे 700, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. ज्याला आपण फुकट्या, अतिक्रमणवाला म्हणतो, त्याने जागा विकत घेतलेली आहे. फक्त विकणाऱ्याची ती नव्हती. दुसरा अर्जदार तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन शेतमजूर, दुष्काळात काम गेलं म्हणून 1961 साली आलेला. त्याच्याकडून तर जागेसाठी 2,500 रुपये उकळले होते. जुलै 1981मध्ये त्याचं खोपट पाडलं, कुटुंबासकट त्याला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको आणि मुली तिकडे राहिल्या. तो परत आला आणि पुन्हा फुटपाथवरच एक आसरा शोधला. का? काम इथे होतं म्हणून. निकालपत्रही हे मान्य करतं की ही माणसं त्या जागेला चिकटून राहतात ती कामाच्या जवळिकीमुळे.

म्हणजे न्यायालयापुढे उत्तर होतं. अर्जदारांनी स्वतः दिलेलं होतं. त्यांचं म्हणणं ‘आम्हाला छप्पर द्या’ एवढंच नव्हतं. काम जिथे, तिथे राहू द्या, असं ते होतं. आणि तरीही निकालाचा शेवट काय झाला? फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, महापालिकेला अतिक्रमण हटवण्याचा अधिकार आहे, 1976च्या मोजणीची ओळखपत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांना पर्यायी जागा द्या, आणि 31 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, कारवाई करू नका. उपजीविकेचा हक्क तत्त्व म्हणून जिंकला, पण तुळशीवाडीच्या माणसाला त्याने दिली ती साडेतीन महिन्यांची सवलत.

त्याहून मला खटकतो तो सुनावणीचा मुद्दा. हटवण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं का? न्यायालय म्हणतं, हो, सामान्यतः ऐकायलाच हवं. नोटीस न देणं हा अपवाद, नियम नव्हे. इथपर्यंत उत्तम. मग म्हणतं, पण या प्रकरणात आम्ही त्यांचं ऐकलंच आहे, तेव्हा आयुक्तांनी पुन्हा ऐकायची गरज नाही. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, कायद्याचा नाही. पण ‘ऐकणं’ या क्रियापदाचा हा अर्थ मला पटत नाही. दिल्लीत, इंग्रजीत, वकिलांमार्फत, काही मोजक्या अर्जदारांचं ऐकलं, आणि ते ऐकणं फुटपाथवरच्या हजारो बिऱ्हाडांच्या खात्यावर जमा केलं.

योगायोग असा की त्याच 1985 साली मुंबईत दुसरा एक मजकूर तयार झाला. ‘स्पार्क’ या तेव्हा जेमतेम वर्षभराच्या संस्थेने भायखळ्याच्या परिसरात फुटपाथवर राहणाऱ्यांची मोजणी केली. सुमारे 6 हजार कुटुंबं. मोजणीत तिथले रहिवासी स्वतः सामील होते. अहवालाचं इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर ‘आम्ही, अदृश्य’. सर्वनाम बघा. निकालपत्राच्या पहिल्या परिच्छेदात ‘ते’ आहेत, इथे ‘आम्ही’ आहोत. ज्यांना कालपरवा गावाहून आलेली टोळी समजलं जात होतं, त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं वर्षानुवर्षं शहरात होती, कामाला पायी जाणारी होती. ही माहिती गोळा करायला काही मोठी प्रज्ञा लागली नाही. विचारावं लागलं, एवढंच.

जनगणनेबद्दल फार बोलत नाही. 2011 साली देशात 17 लाख 73 हजार बेघर मोजले गेले. त्यात शहरांमधले 9 लाख 38 हजार, 2001च्या 7 लाख 78 हजारांवरून वाढलेले. मोजणी कधी? 28 फेब्रुवारीची एक रात्र. जो माणूस रात्री हमाली करतो आणि दिवसा झोपतो, जी बाई रात्री मुद्दाम हलत राहते कारण एका जागी पडून राहणं तिला धोक्याचं असतं, ती माणसं त्या रात्रीत कशी सापडणार? आकडा मी टाकाऊ म्हणत नाही. तो किमान धरावा. जनगणनेच्या व्याख्येत मात्र एक सुंदर विसंगती आहे. ती ‘बेघर कुटुंब’ म्हणते. म्हणजे घर नाही पण कुटुंब आहे हे तिला मान्य आहे. बिऱ्हाड हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आलाय.

आता आमच्या जमातीकडे, तत्त्वज्ञांकडे वळतो. 1951 साली हायडेगरने बांधणं, राहणं आणि विचार करणं यावर एक व्याख्यान दिलं. युद्धात जर्मन शहरं बेचिराख झाली होती, लोकांना राहायला जागा नव्हती. अशा वेळी हा थोर माणूस म्हणतो की खरी अडचण घरांच्या टंचाईची नाही. माणसाला ‘राहणं’ म्हणजे काय हेच पुन्हा शिकायला हवं, ही खरी अडचण आहे. मी हे वीस वर्षं शिकवलं. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “सर, त्या सभागृहात रात्री झोपायला जागा नसलेलं कोणी होतं का?” वर्ग हसला. मीही हसलो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या मुलाचा प्रश्न मला आता हायडेगरपेक्षा जास्त आठवतो.

जेरेमी वॉल्ड्रन या कायद्याच्या तत्त्वज्ञाने 1991 साली एक निबंध लिहिला, तो जास्त उपयोगाचा. त्याचं म्हणणं अगदी साधं आहे. प्रत्येक कृती कुठेतरी करावी लागते. झोपणं, लघवी, अंघोळ, सगळं. खाजगी जागा मालकाच्या परवानगीशिवाय बंद. मग सार्वजनिक जागा उरते. तिथेही झोपायला मनाई केली, तर ज्याच्याकडे खाजगी जागा नाही तो झोपायला कुठेच मोकळा नाही. हा नियम बोलताना सर्वांना सारखा असतो, पण चावतो फक्त एकालाच. आपला 1959चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा तर एक पाऊल पुढे आहे. उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी भटकतोय, त्याच्या अवतारावरून तो भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढ्यावर तो माणसाला पकडू शकतो. हात पसरायचीही गरज नाही. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातली महत्त्वाची कलमं दिल्लीपुरती रद्द केली.

पण वॉल्ड्रनही बाहेरूनच विचार करतोय. त्याच्या हिशोबात जागा आहे, काळ नाही. ज्यांच्याशी मी नंतर बोललो, ते जवळजवळ सगळे काळाबद्दल बोलत. किती वाजता उठवतात. कोण उठवतं. सलग किती तास झोप मिळते. याबाबतीत ऑर्वेल बरा. 1933च्या त्याच्या पॅरिस-लंडनच्या पुस्तकात तो इंग्लंडमधल्या भटक्यांच्या सरकारी निवाऱ्यांत स्वतः राहिला आहे. हे लोक भटकतात ते स्वभावाने, हा समज तो मोडून काढतो. एका निवाऱ्यात महिन्यातून एकदाच राहता येईल, असा नियम होता. मग माणूस चालणार नाही तर काय करणार? नियमच त्याला पायपीट करायला लावतो, आणि मग आपण म्हणतो, यांच्या पायाला भिंगरी आहे.

आपल्याकडे हेच शब्दशः घडलं. लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ 1980 साली आलं. कैकाडी समाज, गाढवांच्या पाठीवर संसार, टोपल्या विणायच्या आणि पुढच्या गावाला. समीक्षकांनी त्यातल्या दाहक अनुभवाची खूप चर्चा केली. माझ्या मते एक गोष्ट कमी बोलली गेली. त्या पुस्तकात घर नसण्याचं दुःख आहे त्याहून मोठं दुःख टिकून राहू न देण्याचं आहे. शाळेत नाव घालावं आणि बिऱ्हाड हलावं. माझ्या फुटपाथवरच्या बाईचा दाखला आणि हे एकच आहे. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मजात शिक्का मारला. 1952 साली तो कायदा गेला, पण गावात मुक्काम करू न देण्याची सवय काही त्याच्याबरोबर गेली नाही. आज सिग्नलवर गजरे आणि लिंबू-मिरची विकणाऱ्यांत याच समाजातली माणसं भेटतात. त्यांना आपण शहराचा प्रश्न म्हणतो.

आता निवाऱ्यांकडे येतो, कारण ‘मग करायचं काय’ हा प्रश्न तुम्ही विचारणारच. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बारमाही. पुढे शहरी उपजीविका अभियानात दर लाखामागे किमान शंभर जणांची सोय, माणशी 50 चौरस फूट, असं आलं. कागद वाईट नाही. मी काही वर्षांपूर्वी एका शहरातला असा निवारा पाहायला गेलो. स्वच्छ होता. खाटा रिकाम्या होत्या. आणि दाराबाहेर, पन्नास पावलांवर, एक हातगाडीवाला गाडीखाली झोपलेला. मी विचारलं, “आत जागा आहे, दादा. आत का नाही झोपत?” तो म्हणाला, “गाडी आत घेत नाहीत. गाडी बाहेर आणि मी आत, म्हणजे सकाळी गाडी गेलेली. भाड्याची आहे.”

व्यवस्थापक मला सांगत होते, या लोकांना मोकळं राहायची सवय लागलेली असते हो. बघा, पुन्हा पायाची भिंगरी. त्या माणसाला गाडी बांधायला एक कडी आणि साखळी हवी होती. नवरा-बायकोला एकत्र झोपायला जागा हवी असते. बहुतेक निवारे त्यांना वेगळं करतात. बाईला कडी लागणारं दार हवं असतं. आणि सगळ्यांना पेटी ठेवायला जागा हवी असते. मी इतक्या वर्षांत ज्यांच्याशी बोललो त्यात पेटीचा विषय निघाला नाही असं फार क्वचित झालं.

आपल्याकडे याचं उत्तर एकेकाळी होतं आणि ते सरकारने शोधलं नव्हतं. गिरणगावात एका गाळ्यात वीस-वीस माणसं राहत, पाळीनुसार आळीपाळीने झोपत, जेवण खानावळीत. ते काही स्वर्गसुख नव्हतं. पण प्रत्येकाची ट्रंक भिंतीला लागून असायची आणि मनिऑर्डरीवर पत्ता असायचा. गोंयकारांचे मुंबईतले कूड तर अजून काही ठिकाणी आहेत, धोबीतलाव भागात. गावागावाचे क्लब. बोटीवर काम करणारा गोव्याचा माणूस दोन बोटींच्या मध्ये तिथे राहायचा. नाममात्र भाडं, एक वेदी, संध्याकाळची प्रार्थना, आणि तो समुद्रावर असतानाही त्याची पेटी तिथेच. छप्पर, पेटी, पत्ता आणि काम जवळ. हे गरजवंतांनी स्वतः उभं केलं, म्हणून त्यात पेटीला जागा होती. सरकारी निवाऱ्याच्या आराखड्यात माणशी 50 फूट असतात. पेटी कुणी विचारलेली नसते.

परदेशातलं उदाहरण विचाराल तर ‘आधी घर’ ही पद्धत. 1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने सुरू केली, फिनलंडने 2008पासून ती देशाचं धोरण केली. आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, लायक ठरा, मग घर, हा क्रम त्यांनी उलटा केला. कारण त्या माणसांना विचारलं तर ती म्हणायची, आधी किल्ली द्या. मला हे पटतं. पण ते उचलून इथे आणा म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. फिनलंडकडे भाड्याने द्यायला सार्वजनिक घरं होती. आपल्याकडे शहरापासून तीस किलोमीटरवर मालकीची सदनिका देतात, आणि वर्षभरात ती विकून माणूस पुन्हा पुलाखाली आला की त्याला कृतघ्न म्हणतात. सेलमची बस आठवा. आपण अजून तीच बस चालवतोय, फक्त मार्ग छोटा केलाय.

शेवटचं एक उदाहरण देतो आणि थांबतो. भायखळ्याच्या त्या फुटपाथवरच्या बायकांनी पुढे ‘महिला मिलन’ ही संघटना केली, आणि स्वतःच्या घराचा नमुना स्वतः बनवून त्याचं प्रदर्शन भरवलं. आयुष्यभर ताडपत्रीखाली राहिलेल्या बायकांनी खोलीची उंची ठरवली चौदा फूट, म्हणजे मध्ये माळा टाकता येतो आणि तेवढ्याच जमिनीवर दीड खोली होते. निवाऱ्याचे आराखडे करणाऱ्या किती जणांनी तो नमुना पाहिलाय, मला ठाऊक नाही.

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकापासून सुरुवात करा.